वाई–बडोदे: एक पत्रव्यवहार लावताना

जुना पत्रव्यवहार लावायला घेतला की पहिल्यांदा लक्षात येतं ते हे, की आपल्या घरात असतो तो अर्धाच. आलेली पत्रं घरात राहतात, धाडलेली पत्रं परक्या घरी. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या हातचं एकही पत्र नव्हतं. त्यांना आलेली होती, १९२१ पासून १९३९ पर्यंतची, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त एकाच माणसाची: त्यांच्या बडोद्याच्या स्नेह्यांची.

आजोबा वाईला हायस्कुलात इतिहास आणि संस्कृत शिकवायचे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापायला घेतली आणि गावोगावच्या शिक्षकांना, वकिलांना, कारकुनांना जुन्या कागदांचं वेड लागलं. आजोबा त्यांच्यातलेच. ग्रंथ त्यांनी लिहिला नाही. सुट्टी लागली की आसपासच्या गावांतले वाडे हिंडायचे, इनामदार-देशपांड्यांना घरचं दप्तर दाखवा म्हणून विनवायचे, आणि परवानगी मिळाली तर तिथेच बैठक मारून नकला उतरवून आणायचे. बडोद्याचे स्नेही पुण्याला कॉलेजात असताना त्यांच्याच खोलीवर राहिलेले. पुढे ते बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले. दोघांच्याही मिळकतीत प्रवासाची चैन बसत नव्हती, त्यामुळे भेटी फार थोड्या. बाकी अठरा वर्षांचा स्नेह टपालावर चालला.

मी नोकरी केली ती महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. कागद कसा हाताळायचा, नोंद कशी करायची हे अंगवळणी पडलेलं होतं. तरीही निवृत्तीनंतर ही ट्रंक उघडली तेव्हा बराच वेळ मी कशालाही हात लावला नाही, कारण आतली व्यवस्था आजोबांची होती आणि ती मोडायच्या आधी समजून घ्यायला हवी होती. पत्रं तारेत ओवलेली होती. खाली लाकडी चकती, वर आकड्यासारखी वाकवलेली तार. आलं पत्र, वाचलं, उत्तर दिलं, की घातलं तारेत. म्हणजे सगळ्यांत जुनं तळाला, सगळ्यांत नवं वर. अशा पाच तारा होत्या. ज्यांच्यावर तारीख नाही अशा पत्रांसाठी ही तार म्हणजे मोठाच आधार. वरच्या आणि खालच्या पत्राची तारीख माहीत असेल तर मधल्याची जागा ठरते. म्हणून पत्रं तारेतून काढण्याआधी प्रत्येकाच्या कोपऱ्यात हलक्या शिसपेन्सिलीनं तार क्रमांक आणि पत्र क्रमांक घातला. मग एकेक काढलं.

तारेचं भोक मात्र पत्राच्या बरोबर मध्यावर पडतं, आणि मध्यावरचा एखादा शब्द घेऊन जातं. कधी नाव जायचं, कधी आकडा. एका कार्डावर स्नेह्यांनी विचारलं होतं की अमुक जमाखर्चातली रक्कम नीट बघून कळवा, मला इतकी वाटते. आणि ती 'इतकी' नेमकी भोकात. त्या कार्डाची गोष्ट पुढे येईल.

साफसफाईत मी फारसं काही केलं नाही, आणि ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांना माझं तेच सांगणं आहे. मऊ ब्रशनं धूळ काढली. गंजलेल्या टाचण्या जोर न लावता, कागद खाली सपाट धरून, हळूहळू सोडवल्या. सेलोटेप नाही, लॅमिनेशन नाही, गोंद नाही. काही पत्रं जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेली होती. तिला ओल्या हाताचा स्पर्श झाला तरी ती फुटते आणि पसरते, म्हणून त्यांना हात लावताना हात कोरडे. कसरीनं कडा खाल्ल्या होत्या, पण मजकूर बराचसा शाबूत. ट्रंकेच्या तळाशी कुणीतरी, बहुधा आजीनं, वेखंडाची पुरचुंडी ठेवलेली होती.

तारखा लावणं हे काम मला सगळ्यांत आवडलं. स्नेहीबुवा कधी इंग्रजी तारीख घालायचे, कधी नुसती तिथी: 'आश्विन शु. ५', शक नाही. अशा वेळी कार्डावर छापलेलं तिकीट बोलतं. १९२१ ची कार्डं पैशाची, म्हणजे पाव आण्याची. १९२२ साली सरकारनं टपालाचे दर वाढवले, कार्ड अर्ध्या आण्याचं झालं आणि लिफाफा एक आण्याचा. वर्ष सव्वा वर्ष स्नेह्यांनी घरातली जुनी पैशाची कार्डंच वापरली, शेजारी आणखी एक पैशाचं तिकीट डकवून. १९३१ च्या डिसेंबरात पुन्हा वाढ, कार्ड तीन पैशांचं, लिफाफा सव्वा आण्याचा. त्या महिन्यानंतर लिफाफे कमी होतात आणि कार्डावरचं अक्षर बारीक होत जातं. पत्त्याच्या बाजूला डावीकडे जी जागा सोडलेली असते तिथेही मजकूर उतरतो, मग कडेनं उभा, मग 'ता. क.' म्हणून अगदी 'मु. पो. वाई' च्या डोक्यावर. कार्डावर दोन शिक्के असतात, निघाल्या गावचा आणि पोचल्या गावचा. दोन्ही वाचता आले तर कळतं की बडोद्याहून वाईला कार्ड साधारण तिसऱ्या दिवशी पोचत असे. शक दिलेला असेल तर त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, पण चैत्राआधीचे महिने पुढच्या सालात जातात हे भान ठेवून, आणि तिथीची तारीख जुन्या पंचांगात बघून घ्यायची.

लिपीची अडचण आली ती घरगुती मजकुरात. अभ्यासाचं सगळं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, पण पैसे, आजारपण, मुलांची लग्नं हे विषय आले की दोघेही मोडीत उतरायचे. मोडी मी या कामासाठी शिकले. शब्द तोडून न लिहिण्याची, हात न उचलण्याची सवय डोळ्याला होईपर्यंत वेळ जातो. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मोडीत पाळलेला नसतो, तेव्हा शब्द ओळखायचा तो वाक्याच्या ओघावरून. स्नेह्यांचा 'ल' आणि 'त' मला शेवटपर्यंत फसवत राहिले.

पत्रांतल्या माणसांची ओळख पटवणं हे निराळंच काम. 'नानासाहेब कामशेतास गेले', 'शास्त्रीबुवा गेल्याचे मिरजेहून कळले', 'धुळ्याची वार्ता ऐकून सुन्न झालो', असं एका ओळीत येतं आणि पुढे चालू. नानासाहेब म्हणजे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई, १८८९ पासून सयाजीराव महाराजांच्या नोकरीत असलेले आणि १९२५ ला निवृत्त होऊन कामशेतला इंद्रायणीकाठी येऊन राहिलेले. शास्त्रीबुवा म्हणजे ऐतिहासिक लेखसंग्रहाचे वासुदेवशास्त्री खरे. ते १९२४ साली गेले. धुळ्याची वार्ता ही राजवाड्यांच्या मृत्यूची, १९२६ च्या अगदी शेवटच्या दिवसाची. त्याच वर्षाच्या मार्चात इतिहाससंशोधक पारसनीसही गेले होते. या तीन वर्षांतली पत्रं वाचताना जाणवतं की वाई-बडोद्यातल्या या दोन माणसांच्या डोक्यावरचं छप्पर उडालं होतं. आता शंका विचारायची कुणाला, हा प्रश्न ते एकमेकांना पुन्हा पुन्हा करतात, आणि करता करता एकमेकांनाच विचारू लागतात.

माणसं ओळखायची म्हणून मी त्या काळचा दुसरा एक पत्रव्यवहार वाचायला घेतला आणि त्यातच बरेच महिने गुंतले. जदुनाथ सरकार आणि सरदेसाई यांचा. जदुनाथबाबू बंगाली, राजशाही जिल्ह्यातल्या गावचे. पाटण्याला आणि कटकला अध्यापक, १९२६ ते १९२८ कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू, १९२९ ला 'सर'. सरदेसाई कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातले, बडोद्याच्या राजघराण्याचे रीडर आणि राजपुत्रांचे शिक्षक. ओळख झाली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि पत्रं चालली ती दोघं थकेपर्यंत, पन्नासएक वर्षं. जदुनाथबाबूंची पत्रं पंजाब विद्यापीठानं हरिराम गुप्ता यांच्या संपादनाखाली त्यांच्या गौरवग्रंथात छापली. त्यामुळे ती वाचायला कुणाच्या माळ्यावर चढावं लागत नाही.

एकाला मराठी मातृभाषा, दुसऱ्याला बंगाली, तेव्हा लिहायचं इंग्रजीत. मोडीचा राबता सरदेसायांचा, फारसीचा जदुनाथबाबूंचा. औरंगजेबाचा इतिहास पाच खंडांत १९२४ ला पुरा करून जदुनाथबाबू मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाकडे वळले, आणि अठराव्या शतकातली दिल्ली मराठी कागदांशिवाय कळणार कशी? सरदेसायांना तेच उलट: मराठ्यांचं उत्तरेतलं राजकारण फारसी अखबारांवाचून, म्हणजे दरबारी बातमीपत्रांवाचून, अपुरं. गरज दोघांची होती. पण नुसत्या गरजेवर अशी पत्रं अर्धशतक चालत नाहीत. शंकांच्या बरोबरीनं त्यांत प्रकृती आहे, प्रवासाचे बेत आहेत, मुलांच्या काळज्या आहेत. सरदेसायांचा थोरला मुलगा श्यामकांत, शांतिनिकेतनात शिकलेला, पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेलेला, ऐन तारुण्यात गेला. वडिलांनी पुढे त्याचीच पत्रं पुस्तक करून छापली. मला हे फार खोल वाटतं. ज्या माणसानं आयुष्यभर मेलेल्या माणसांचे कागद जुळवले, त्यानं मुलाच्या बाबतीतही तेच केलं. आणि १९४७ मध्ये कलकत्त्याच्या दंग्याधोप्यात जदुनाथबाबूंचा मुलगा मारला गेला.

आमच्या आजोबांच्या पत्रव्यवहारात वादळ आलं ते या दोघांच्या कामामुळेच, म्हणून ते सांगायला हवं. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी, सरकारी कुलपात होते. भारत इतिहास संशोधक मंडळाची मंडळी, ज्यांनी १९१० पासून पदरमोड करून साधनं गोळा केली, ती हे दप्तर अभ्यासकांना खुलं करा म्हणून मागणी करत होती. सरकारनं ते सरसकट खुलं न करता निवड करून छापायचं ठरवलं. काम दिलं सरदेसायांना, आणि त्यामागे जदुनाथबाबूंचा शब्द होता. १९२९ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, सरदेसाई त्या दप्तरात शिरले आणि १९३४ पर्यंत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढून मोकळे झाले. इतक्या वेगानं एवढं काम महाराष्ट्रात क्वचित झालं असेल. पण पुण्यातल्या पुष्कळ अभ्यासकांना तो अन्याय वाटला: ज्यांनी आयुष्य घातलं ते दाराबाहेर, आणि निवड कोणती चांगली हे एकट्या माणसानं ठरवायचं.

आजोबा मंडळाचे सभासद. स्नेही बडोद्याचे, सरदेसायांना जवळून ओळखणारे. १९२९-३० च्या तारेवर स्नेह्यांच्या पत्रांचा सूर बदलत जातो तो वाचवत नाही. आधी लांबलचक युक्तिवाद. मग 'आपले पत्र पावले. मतभेद आहे, असो.' मग नुसती कामाची कार्डं, 'सा. न. वि. वि.' ते 'कळावे, लोभ असावा' यांच्या मध्ये दोन ओळी. मग पाच महिने काहीच नाही. आणि मग एक जाड लिफाफा. त्यात भांडणाचा अवाक्षरानं उल्लेख नाही. पेशवे दप्तराचा दुसरा खंड, पानिपत प्रकरणाचा, स्नेह्यांच्या हाती आला होता. त्यातल्या एका पत्रातली दोन नावं त्यांनी उतरवून पाठवली होती आणि विचारलं होतं की ही मंडळी तुमच्याकडच्या वाड्यातल्या कागदांत भेटतात का. आजोबांनी काय उत्तर दिलं ते मला कळणं शक्य नव्हतं. उत्तर बडोद्याला गेलेलं होतं.

तिथे मला ठरवावं लागलं की दुसरा अर्धा भाग शोधायचाच. त्याशिवाय मी जे लावत होते त्याला पत्रव्यवहार म्हणण्यात अर्थ नव्हता.

पत्ता जुना, दांडिया बाजारातला. त्या भागात अजून मराठी घरं आहेत आणि मराठी माणसांना एकमेकांची माहिती आहे. विचारत विचारत स्नेह्यांच्या नातीपर्यंत पोचले. त्या माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणते. फोनवर त्यांनी आधी एवढंच विचारलं, "वाईचे मास्तर म्हणजे तुमचे कोण?" आजोबा म्हटल्यावर म्हणाल्या, "मग या. त्यांचं गाठोडं आहे आमच्याकडे. आईनं सांगून ठेवलंय, कुणी मागायला आलं तर द्यायचं, नाहीतर असू द्यायचं."

तारा नव्हत्या तिथे. स्नेही दप्तराच्या शिस्तीतले: प्रत्येक वर्षाची पत्रं वेगळी बांधून, त्यावर मजकुराचा एक चिठोरा, आणि सगळं मिळून तांबड्या खारव्याच्या रुमालात. आजोबांचं अक्षर मी पहिल्यांदा एवढं सलग पाहिलं. शाळेच्या वह्या तपासणाऱ्या माणसाचं अक्षर, गोल आणि उघडं. भोकं नाहीत.

ताईंच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही दोन्ही चळती ठेवल्या. माझ्याकडच्या पत्रांचे स्कॅन मी बरोबर नेले होते. ताई माझ्या आजोबांचं पत्र वाचायच्या, मी त्यांच्या आजोबांचं उत्तर. दुपारी ऊन उतरेपर्यंत आम्ही वाचत बसायचो आणि कधी कधी भूमिका विसरून दोघीही एकदमच वाचायला लागायचो. पूर्वी जी विधानं वाटली होती ती उत्तरं निघाली. 'होय, पण तो शिक्का बघा' या अधांतरी वाक्याच्या आधी काय होतं ते कळलं. भोकात गेलेली रक्कमही मिळाली, कारण आजोबांना प्रश्न उतरवून मग उत्तर लिहायची सवय: 'आपण पुसता की रक्कम ३७५ की काय, मूळ कागद रविवारी पुन्हा जाऊन पाहिला, ३५७ आहे, पाचाचे पोट तुटल्याने भ्रम होतो.' रविवारी पुन्हा जाऊन पाहिला, म्हणजे वाईहून त्या वाड्यापर्यंत चालत. एका आकड्यासाठी. त्या आकड्यावर पुढे कुणी लेख लिहिला असंही नाही.

भांडणाच्या नंतरचं उत्तरही निघालं. चार फुलस्केप पानं. पहिल्या ओळीपासून पानिपतातली ती दोन नावं. एक भेटतं, दुसरं नाही, पण त्याच आडनावाचा एक शिलेदार दुसऱ्या यादीत आहे, ती यादी सोबत उतरून दिली आहे. अगदी शेवटी, 'कळावे' च्या आधी, एक वाक्य: नानासाहेबांनी हा खंड काढला नसता तर आपल्याला ही नावं कधी दिसली असती, हे मी मंडळात बोलून दाखवलं. बस्स. मत त्यांनी सोडलं नव्हतं. दप्तर सगळ्यांना खुलं हवं हे ते १९३४ च्या पत्रातही लिहितात. मला दोघांचंही पटतं. पंचेचाळीस खंड झाले हे मोठं काम, आणि निवडीत जे आलं नाही ते बघायला वाट हवी ही मागणीही रास्त.

आता १९३३ च्या पत्राबद्दल. आमच्या घरात ते पत्र माहीत होतं, वाचलं कुणी नव्हतं. आजोबांची मधली मुलगी नवव्या वर्षी विषमज्वरानं गेली. त्या वेळी बडोद्याहून आलेल्या पत्रात सांत्वनाच्या चार-पाच ओळी आणि पुढे अडीच पानं सवाई माधवरावांच्या काळातल्या एका जमाखर्चाची नक्कल, शंकांसह. माझी आत्या, त्या मुलीची धाकटी बहीण, शेवटपर्यंत म्हणायची, "पोर जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते आणि त्यांना जमाखर्च सुचतो. कसली ही विद्वान माणसं." पत्र वाचल्यावर मलाही आत्याचं म्हणणं खोडता येत नव्हतं.

बडोद्याच्या रुमालात त्याच्या आधीचं पत्र होतं. सगळं मोडीत. ताईंना मोडी येत नाही, म्हणून मी वाचत होते आणि त्या ऐकत होत्या. आजोबांनी लिहिलं होतं की शाळेत जातो, येतो. दिवस निघतो, रात्र निघत नाही. घरात रडायची सोय नाही, कारण हिनं धीर धरला आहे तो मोडेल. आपणाकडे मोडी काही असेल तर नकलून पाठवा. किचकट असेल ते पाठवा. लांबलचक असू द्या.

स्नेह्यांनी अडीच पानं हातानं उतरवून उलट टपाली पाठवली होती. बडोद्याच्या शिक्क्यावरून आणि वाईच्या शिक्क्यावरून बघितलं तर आजोबांचं पत्र हाती पडल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी लिफाफा टाकलेला दिसतो. नोकरी करून, रात्री दिव्याशी बसून. जमाखर्च निवडला होता तोही विचार करून: नावांची नुसती यादी, ज्यात मुलं नाहीत, मृत्यू नाहीत, धान्य आणि दाणावैरण आहे.

आत्या आता नाही. तिच्या मुलीला मी फोन करून दोन्ही पत्रं वाचून दाखवली.

या अनुभवानंतर माझ्या नोंदवहीत एक रकाना वाढला. आधी होते ते सगळ्यांचे असतात: कोणाकडून, कुठून, तारीख, लिपी, शाई, कार्ड की लिफाफा, विषय. त्यात घातला 'कोणत्या पत्राचं उत्तर'. हा रकाना भरायला बाकी सगळ्या रकान्यांच्या मिळून वेळेपेक्षा जास्त वेळ लागला, कारण पत्रं एकमेकांना ओलांडून जातात. वाईचं पत्र वाटेत असताना बडोद्याहून कार्ड निघालेलं असतं, आणि मग दोघंही आधीच्याच गोष्टीचं उत्तर देत असतात. तारखेनुसार एकाखाली एक लावली तर संवाद उलटासुलटा दिसतो. पोचल्याच्या शिक्क्यानुसार लावली तर प्रत्येक माणसानं लिहिताना त्याच्या समोर काय होतं ते कळतं. मी दोन्ही क्रम ठेवले आहेत.

छापायचं काय, यावर ताईंची आणि माझी बराच वेळ चर्चा झाली. इतिहासविषयक सगळं खुलं करायचं यावर दुमत नव्हतं. शिवभारत हे शिवाजी महाराजांवरचं जुनं संस्कृत काव्य १९२७ मध्ये छापून आल्यावर दोघांनी शिवजन्मतिथीवर केलेला खल आहे, टिळकांनी पुढे आणलेल्या जेधे शकावलीशी, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार टिपणाशी, तो ताडून बघितलेला. भांडारकर संस्थेत सुखटणकरांच्या हाताखाली महाभारताची चिकित्सक आवृत्ती चालली होती, तिचे भाग येतील तसे आजोबा बडोद्याला पाठभेदांबद्दल उत्साहानं लिहितात. वाईला धर्मकोशाचं, म्हणजे धर्मशास्त्रातल्या वचनांच्या संग्रहाचं, काम चालू होतं त्याच्या हकिकती आहेत. खेड्यातल्या अभ्यासकाला या मोठ्या कामांची वार्ता कशी पोचायची, हे त्यात दिसतं आणि ते लोकांना वाचायला मिळालं पाहिजे. पण तिसऱ्या माणसांबद्दल रागाच्या भरात लिहिलेलं, कुणाचं कर्ज, कुणाच्या घरचं भांडण, हे आम्ही नोंदीत ठेवलं, मजकुरात नाही. त्या माणसांची नातवंडं आहेत. १९३३ ची दोन पत्रं द्यायची की नाही हे मी एकटी ठरवणार नव्हते. आत्याच्या मुलीनं सांगितलं, द्या. म्हणून इथे लिहिलं.

मूळ पत्रं ज्या घरची त्या घरी राहतील. स्कॅनची एक-एक प्रत दोन्हीकडे आहे, तिसरी अभ्यासकांना मिळेल अशा ठिकाणी द्यायची आहे. स्कॅन करताना कार्डाच्या दोन्ही बाजू, लिफाफे, चिठोरे, सगळं घेतलं. नुसता मजकूर घेतला असता तर शिक्के गेले असते आणि शिक्क्यांवाचून वरचं काहीच कळलं नसतं.

अजून एक खिंडार आहे. मधली दोनेक वर्षं स्नेह्यांची बदली अमरेलीला झाली होती, बडोदे संस्थानच्याच काठेवाडातल्या प्रांतात. तिथून त्यांनी लिहिलेली पत्रं वाईच्या तारेवर सगळी आहेत, आजोबांची उत्तरं बडोद्याच्या रुमालात नाहीत. ताईंना आठवतं की अमरेलीहून परत येताना काही सामान नवसारीला त्यांच्या आजीच्या माहेरी उतरवलं होतं आणि तिथला वाडा अजून उभा आहे. मामेभावाशी बोलणं झालं आहे. त्यांनी माळ्याची किल्ली शोधून ठेवतो म्हटलं आहे. दिवाळी झाली की आम्ही दोघी जाणार आहोत.